ब्रेक ड्रम तपासणी यंत्रासाठी १९२ एमबी सलग मेमरी : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशिन शॉपसाठी ब्रेक ड्रमच्या आतील पृष्ठभागाची तपासणी करणारे यंत्र आम्ही शिवाजी उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये जुळवत आहोत. ड्रम फिरत्या टेबलावर बसतो, लाइन-स्कॅन कॅमेरा त्याच्या आतील भिंतीचे एकेका ओळीने चित्र घेतो आणि दोन सेकंदांच्या एका फेरीत ४०९६ पिक्सेलच्या १६,३८४ ओळी जमा होतात. पिक्सेल एका बाइटचा असल्यामुळे एका ड्रमचे चित्र ६,७१,०८,८६४ बाइटचे, म्हणजे नेमके ६४ एमबीचे होते. या नोंदींत एमबी म्हणजे सर्वत्र १०,४८,५७६ बाइट.

बोर्डवर झायलिंक्सची झिंक-७०२० ही चिप आहे. तिच्यात कॉर्टेक्स-ए९ जातीचे दोन प्रोसेसर आणि एफपीजीए (हवे तसे सर्किट जुळवता येणारा भाग) एकत्र आहेत. बाहेर १ जीबी डीडीआर३ मेमरी आहे. लिनक्स कर्नेल (कार्यप्रणालीचा गाभा) ५.१५ आहे. कॅमेऱ्याचा डेटा एफपीजीएतील डीएमए ब्लॉक प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितो. हा ब्लॉक साध्या पद्धतीने जोडलेला आहे, म्हणजे त्याला सुरुवातीचा एक पत्ता आणि एक लांबी दिली की तो तेथून पुढे सलग लिहीत जातो. त्याच ब्लॉकची स्कॅटर-गॅदर पद्धत वापरली असती तर विखुरलेली पानेही (पान म्हणजे मेमरीचा ४ केबीचा तुकडा) चालली असती आणि पुढचा बराचसा खटाटोप वाचला असता, हे येथेच नोंदवून ठेवतो. परंतु एफपीजीएचा आराखडा बाहेरून करून घेतलेला आहे, त्याची चाचणी पूर्ण झालेली आहे, आणि तो पुन्हा उघडण्याचा खर्च या कामाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. म्हणून मेमरीच सलग देण्याचे ठरले. एक बफर भरत असताना दुसऱ्याची तपासणी आणि तिसऱ्याची साठवण, असे तीन बफर (एकेक चित्र ठेवण्याच्या जागा) हवेत. एकूण १९२ एमबी.

आज ड्रायव्हरकडून (डीएमए ब्लॉक चालवणाऱ्या कर्नेलच्या भागाकडून) पहिली ६४ एमबीची मागणी करून पाहिली. उत्तर उणे १२, म्हणजे मेमरी नाही. ८०० एमबीहून अधिक मेमरी मोकळी दिसत असताना हे उत्तर येते, कारण प्रश्न किती मोकळी आहे हा नसून किती सलग आहे हा आहे. कर्नेलची नेहमीची वाटप यंत्रणा एका मागणीत जास्तीत जास्त ४ एमबी सलग देते. त्याहून मोठ्या तुकड्यासाठी सीएमए (सलग मेमरीचे वाटप) ही वेगळी सोय आहे, जी २०१२ मध्ये कर्नेल ३.५ पासून मुख्य शाखेत आली. पण आमच्या बूट लॉगमध्ये (बोर्ड सुरू होतानाच्या संदेशांत) सीएमएसाठी राखलेली जागा १६ एमबी इतकीच दिसते. कर्नेलच्या जुळणीत कोणी काही बदलले नाही तर हाच आकडा असतो.

४ डिसेंबर २०२४

सर्वांत सोपा उपाय आधी करून पाहिला. कर्नेलला बूट करताना दिल्या जाणाऱ्या ओळीत ‘सीएमए=२५६एम’ असे लिहिले. बूट झाल्यावरही लॉगमध्ये १६ एमबीच. यू-बूट या कर्नेल चढवणाऱ्या प्रोग्राममध्ये बदललेली ओळ फ्लॅशमध्ये साठवली गेली होती, पण एसडी कार्डावरील बूट स्क्रिप्ट ती प्रत्येक वेळी नव्याने लिहीत होती. असा बदल केल्यावर ‘प्रॉक’मधील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल आधी वाचावी. कर्नेलच्या हाती खरोखर काय पडले ते तीच सांगते. स्क्रिप्ट दुरुस्त केल्यावर ‘मेमइन्फो’ या मेमरीच्या हिशेबाच्या फाइलमध्ये सीएमएची एकूण जागा २,६२,१४४ केबी दिसू लागली आणि तिन्ही बफर मिळाले.

आमच्याकडे प्रशिक्षणासाठी असलेल्या विद्यार्थ्याने एक जुनी युक्ती सुचवली होती: कर्नेलला ‘मेम=७६८एम’ असे सांगून वरची २५६ एमबी त्याच्यापासून लपवावी आणि ती ‘डेव्ह-मेम’ या भौतिक मेमरी दाखवणाऱ्या फाइलमधून थेट उघडावी. ही युक्ती चालते आणि पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे वापरात आहे. आम्ही ती घेतली नाही, कारण त्या जागेचा मालक कोण याची कर्नेलमध्ये कोठेच नोंद राहत नाही. उद्या बोर्ड बदलून त्यावर ५१२ एमबी मेमरी आली तर ड्रायव्हर अस्तित्वात नसलेल्या जागेत डीएमए सोडेल आणि कोणी तक्रारही करणार नाही.

१० डिसेंबर २०२४

बोर्ड रात्रभर चालू ठेवून सकाळी ड्रायव्हरचे मोड्यूल (चालू कर्नेलला जोडता-काढता येणारा भाग) काढून पुन्हा चढवले, तेव्हा दुसरा बफर मिळाला नाही. लॉगमध्ये ‘पीएफएन्स बिझी’ (पाने वापरात आहेत) या अर्थाच्या ओळींची रांग आणि शेवटी उणे १६, म्हणजे जागा व्यग्र. रिबूट केल्यावर सर्व ठीक. दिवसभर हाच प्रयोग निरनिराळ्या प्रकारे केला. बोर्ड ताजा बूट झालेला असेल तर मेमरी क्षणात मिळते. एसडी कार्डावर मोठ्या फाइली लिहिणे चालू असेल तर काही सेकंद लागतात, आणि कधी मिळतच नाही.

कारण असे आहे. सीएमएची जागा ड्रायव्हरने मागेपर्यंत रिकामी ठेवलेली नसते. कर्नेल ती इतर कामांना उसनी देतो. अट एवढीच की तेथे ठेवलेली पाने दुसरीकडे हलवता आली पाहिजेत. ड्रायव्हरने मागणी केली की कर्नेल त्या टप्प्यातील एकेक पान उचलून बाहेर नेतो. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसलेल्या विक्रेत्यांना मिरवणुकीसाठी उठवावे तसे हे आहे: बहुतेक उठतात, पण ज्याचे वजनकाट्यावर गिऱ्हाईक चालू आहे तो लगेच उठत नाही. कार्डावर लिहिले जाण्याच्या वाटेवर असलेले पान किंवा दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने तात्पुरते धरून ठेवलेले पान असे असते, आणि ६४ एमबीच्या टप्प्यातील १६,३८४ पानांपैकी एक जरी हलले नाही तरी तो टप्पा हातचा जातो. मग कर्नेल पुढचा टप्पा पाहतो. पण २५६ एमबीमध्ये ६४ एमबीचे तीन टप्पे मागणाऱ्याला निवडीला फारसा वाव नसतो.

यावर उघड उपाय म्हणजे बूट होतानाच मेमरी घ्यायची आणि परत कधी द्यायची नाही. तो शेवटी आम्ही केलाच. परंतु त्या वेळी आम्हाला वाटले की उसनवारीचा व्यवहारच नको, या यंत्रापुरती स्वतंत्र जागा असावी. त्यामुळे आम्ही डिव्हाइस ट्रीकडे (बोर्डवर काय कोठे आहे हे कर्नेलला सांगणाऱ्या फाइलकडे) वळलो, आणि तेथे जवळपास दोन आठवडे गेले.

१३ डिसेंबर २०२४

डिव्हाइस ट्रीमध्ये ‘रिझर्व्हड-मेमरी’ नावाची शाखा घालून तिच्याखाली आमच्या १९२ एमबीची नोंद केली: सुरुवात २५६ एमबीच्या पत्त्यावर, ‘नो-मॅप’ या खुणेसह. ‘नो-मॅप’ म्हणजे कर्नेलने ही जागा स्वतःच्या नेहमीच्या नकाशात घ्यायचीच नाही. बूट होताना वाटप यंत्रणा उभी राहण्यापूर्वी मेमब्लॉक नावाची प्राथमिक नोंदवही चालू असते. राखीव जागा त्या टप्प्यातच बाजूला काढावी लागते, नंतर वेळ निघून गेलेली असते.

पहिल्या बूटमध्ये कर्नेलने शाखेकडे चक्क दुर्लक्ष केले. पत्ता आणि लांबी किती आकड्यांत लिहायची हे सांगणाऱ्या दोन ओळी शाखेत मुळाशी जुळत्याच असाव्या लागतात आणि ‘रेंजेस’ ही रिकामी ओळही लागते. आम्ही ६४-बिट बोर्डचा नमुना उतरवला होता. त्यात पत्त्यासाठी दोन घरे होती, आमच्या ३२-बिट बोर्डला एक. कर्नेल याबद्दल एकच ओळ छापतो आणि पुढे जातो. बूट थांबत नाही, म्हणून ती ओळ नजरेतून सुटते.

ते सुधारल्यावर पुढची अडचण आली: ‘नोडसाठी मेमरी राखता आली नाही’ अशा अर्थाचा संदेश. पत्ता बरोबर, आकार बरोबर, तरी नकार. बराच वेळ शोधल्यावर लक्षात आले की बूट स्क्रिप्ट कर्नेल, डिव्हाइस ट्री आणि रॅमडिस्क (बूट होताना मेमरीतून वापरली जाणारी फाइल व्यवस्था) यांचा एकत्र गठ्ठा नेमका २५६ एमबीच्या पत्त्यावर उतरवते, आणि यू-बूटमधील एका सेटिंगमुळे रॅमडिस्क तेथून हलवली न जाता जागच्या जागी वापरली जाते. कर्नेल रॅमडिस्कची जागा आधी नोंदवतो आणि डिव्हाइस ट्रीतील राखीव जागा नंतर. आधीच नोंदलेल्या जागेवर ‘नो-मॅप’ लावायला तो तयार नसतो, आणि हे योग्यच आहे. आम्ही राखीव जागा ५१२ एमबीवर नेली. ती ७०४ एमबीला संपते. ७०४ ही वरची मर्यादा मुद्दाम पाऊण जीबीच्या आत ठेवली आहे, कारण या ३२-बिट कर्नेलमध्ये त्याच्या वरची मेमरी ‘हायमेम’ गणली जाते आणि तिला कर्नेलच्या नकाशात कायमचा पत्ता नसतो. याचा उपयोग पुढे झाला.

जो कोणी हे करील त्याने पत्ता ठरवण्यापूर्वी बूट स्क्रिप्टमध्ये काय कोठे उतरते याचा तक्ता कागदावर काढावा. आम्ही तो नंतर काढला.

१८ डिसेंबर २०२४

आता जागा राखली गेली, ‘आयओमेम’च्या (भौतिक पत्त्यांच्या) यादीत तिची चौकट दिसू लागली, पण ड्रायव्हरला मिळणारा पत्ता तिच्यातला नव्हता. यंत्राच्या नोंदीत ‘मेमरी-रीजन’ लिहून राखीव जागेकडे बोट दाखवले होते. तेवढ्याने काही होत नाही. ड्रायव्हरने सुरुवातीला ती जागा आपल्या नावावर करून घेणारे फंक्शन बोलवावे लागते, नाहीतर मागणी निमूटपणे सामाईक सीएमएकडे जाते. सामाईक सीएमए तेव्हाही २५६ एमबीची असल्यामुळे मागणी तेथे पूर्ण होत होती आणि काही बिघडले आहे असे वाटतच नव्हते. तात्पर्य म्हणून नव्हे, तपासणी म्हणून सांगतो: ड्रायव्हरने मिळालेला भौतिक पत्ता लॉगमध्ये छापावा.

जागा नावावर झाल्यावर तिन्ही बफर एकाच मागणीत, १९२ एमबी सलग, मागितले. जागा १९२ एमबीची, मागणी १९२ एमबीची, दुसरा कोणी वाटेकरी नाही. तरी उत्तर उणे १२. कर्नेलचा मूळ कोड उघडल्यावर कारण सापडले. यंत्राच्या खासगी जागेतून वाटप करणारा भाग मागणीचा आकार दोनाच्या घातापर्यंत वर नेतो. १९२ एमबीची मागणी तो २५६ एमबीची समजतो आणि १९२ एमबीच्या जागेत २५६ बसत नाहीत.

मग जागाच २५६ एमबीची केली. यावर कर्नेलने ‘डीएमए मेमरी पूल उभा करता आला नाही’ असे सांगितले. ‘नो-मॅप’ जागेला कर्नेलच्या नकाशात पत्ता नसल्यामुळे पूल (राखीव साठा) उभा करताना तिला सगळीच्या सगळी व्हीमॅलॉकच्या (कर्नेलने असे जादा पत्ते देण्यासाठी ठेवलेल्या) पट्ट्यात बसवावी लागते, आणि ३२-बिट एआरएमवर हा पट्टा मुळात २४० एमबीचा असतो. बूटच्या ओळीत ‘व्हीमॅलॉक’ वाढवता येतो, पण तो वाढला की तेवढीच नेहमीची मेमरी हायमेममध्ये ढकलली जाते. एका अडचणीसाठी दुसरी पाळावी असे वाटले नाही. जागा पुन्हा १९२ एमबीची केली आणि ६४ एमबीच्या तीन वेगळ्या मागण्या केल्या. ६४ एमबी हा दोनाचा घात आहेच, त्यामुळे तिन्ही बफर एकमेकांना चिकटून मिळाले. हे सुरुवातीलाच सुचायला हवे होते, असे सहकाऱ्याने सांगितले. त्याला ते नंतर सुचले हेही नमूद करतो.

२३ डिसेंबर २०२४

मेमरी हाती आली तरी डीएमए सुरू होईना. पत्ता लिहिला, लांबी लिहिली, इंटरप्ट (काम झाल्याची प्रोसेसरला सूचना) नाही, त्रुटीची खूण नाही, मेमरीत एक बाइटही नाही. गेल्या दोन आठवड्यांचा अनुभव असा होता की आम्ही सर्व दोष मेमरीवर टाकला: राखीव जागा हलवून पाहिली, ‘नो-मॅप’ काढून पाहिला (३२-बिट एआरएमवर या प्रकारच्या पूलला ‘नो-मॅप’ सक्तीचा आहे, असे कर्नेलने स्पष्ट शब्दांत सांगितले), एफपीजीए त्या पत्त्यापर्यंत पोहोचतो का हे तपासले. या प्रकल्पातील सर्वांत वाया गेलेला वेळ तो हाच.

दोष मेमरीत नव्हताच. डीएमए ब्लॉकच्या लांबीच्या रजिस्टरची रुंदी आराखड्यात ठरवलेली असते. काहीच न निवडल्यास ती १४ बिट असते आणि जास्तीत जास्त २६ बिट करता येते. आमच्या आराखड्यात ती २६ होती, म्हणजे एका वेळची सर्वांत मोठी लांबी ६,७१,०८,८६३ बाइट. आमचे चित्र ६,७१,०८,८६४ बाइटचे. एका बाइटने जास्त. त्या आकड्याचे खालचे २६ बिट सगळे शून्य आहेत, म्हणून रजिस्टरमध्ये शून्य उतरत होते, आणि लांबी शून्य असेल तर ब्लॉक कामच सुरू करत नाही. चूक झाली असेही तो म्हणत नाही.

चित्राचे १६ एमबीचे चार भाग केले. साध्या पद्धतीत पॅकेटचा शेवट आणि दिलेली लांबी जुळावी लागते, पण सुदैवाने किती ओळींनंतर पॅकेट संपवायचे हा आकडा आराखड्यात बाहेरून लिहिता येतो. तो १६,३८४ ऐवजी ४०९६ केला. दोन भागांच्या मध्ये प्रोसेसरला पुढचा पत्ता लिहावा लागतो. एक ओळ साधारण १२२ मायक्रोसेकंदांत येते आणि एफपीजीएतील ६४ केबीच्या फिफोमध्ये सोळा ओळी थांबू शकतात, त्यामुळे इंटरप्टला उत्तर द्यायला जवळपास दोन मिलिसेकंद मिळतात. चाचणीसाठी कॅमेऱ्याऐवजी एफपीजीएतून चढता आकडा सोडला आणि मेमरीत ओळीओळीने पडताळला. एकही आकडा सुटला नाही.

३० डिसेंबर २०२४

चित्र येऊ लागले आणि तपासणीचा प्रोग्राम प्रथमच खऱ्या डेटावर चालवला. फाइलमधून वाचलेल्या चित्रावर जे काम फेरीच्या वेळेत आरामात बसत होते ते आता कित्येक पट लांबले. प्रोग्राम तोच, चित्राचा आकार तोच.

‘नो-मॅप’ पूलमधून मिळालेली मेमरी प्रोसेसरच्या कॅशेमधून (त्याच्याजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीतून) जात नाही. तिच्यावर एकापाठोपाठ लिहिणे बऱ्यापैकी चालते, पण वाचताना प्रत्येक वाचन थेट डीडीआरपर्यंत जाऊन येते. शेजारच्या पिक्सेलांकडे पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या फिल्टरसाठी ही सर्वांत वाईट स्थिती. सहकाऱ्याने चित्र आधी साध्या मेमरीत उतरवून मग तपासण्याचा पर्याय लिहून पाहिला. फिल्टर वेगात चालले, पण ६४ एमबी उतरवण्यातच वेळेचा मोठा वाटा गेला आणि १ जीबीच्या बोर्डवर आणखी ६४ एमबी अडकले.

दुसरा पर्याय म्हणजे एफपीजीएची जोडणी कॅशेशी सुसंगत असलेल्या एसीपी दारातून करणे. त्या चिपवरचे एल२ कॅशे ५१२ केबीचे आहे. सेकंदाला ३२ एमबीचा प्रवाह त्यातून सोडला तर इतर सर्व कामांचा डेटा तेथून सतत बाहेर फेकला जाईल. शिवाय त्यासाठी आराखडा उघडावा लागेल. नको.

जागा राखणे ही येथवरची अडचण होती. पण ती जागा कॅशेसह वाचायची की कॅशेविना, हा प्रश्न खरे तर पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, कारण राखण्याची पद्धत त्या उत्तरावर ठरते. प्रोसेसर ज्या डेटाकडे पाहणारच नाही, उदाहरणार्थ कॅमेऱ्यातून थेट पडद्यावर जाणारे चित्र, त्याला ‘नो-मॅप’ पूल उत्तम. आमचा प्रोसेसर तर एकेक पिक्सेल वाचतो.

३ जानेवारी २०२५

पुन्हा सीएमए, पण या वेळी सामाईक नव्हे. त्याच ५१२ ते ७०४ एमबीच्या जागेवरील ‘नो-मॅप’ काढून ‘रियुझेबल’ लिहिले. या दोन खुणा एकत्र लावता येत नाहीत. आता ही जागा आमच्या यंत्राच्या नावावर असलेली स्वतंत्र सीएमए झाली आणि कर्नेलच्या नेहमीच्या, कॅशे असलेल्या नकाशात राहिली. सुरुवात आणि आकार दोन्ही आमच्या कर्नेलमध्ये ४ एमबीच्या पटीत असावे लागतात. तसे ते होते. बूटच्या ओळीतील ‘सीएमए=’ काढून टाकले, त्यामुळे सामाईक जागा पुन्हा १६ एमबी झाली आणि ‘मेमइन्फो’मध्ये एकूण २,१२,९९२ केबी, म्हणजे २०८ एमबी, दिसू लागले.

‘पीएफएन्स बिझी’चा धोका रियुझेबल जागेलाही आहे. म्हणून ड्रायव्हर मोड्यूल न ठेवता कर्नेलमध्येच बांधला. कार्डावरची फाइल व्यवस्था जोडली जाण्यापूर्वी, एकही प्रोग्राम सुरू होण्यापूर्वी तो उभा राहतो, तिन्ही बफर घेतो आणि बोर्ड बंद होईपर्यंत सोडत नाही. त्या क्षणी जागेत हलवायला जवळपास काहीच नसते. विकास चालू असताना प्रत्येक बदलासाठी पूर्ण कर्नेल बांधून रिबूट करावा लागतो, ही याची किंमत आहे.

मागणीसाठी ‘डीएमए-अलॉक-नॉनकोहेरंट’ वापरले, म्हणजे मेमरी कॅशेसह मिळते आणि कॅशे केव्हा स्वच्छ करायचे ही जबाबदारी ड्रायव्हरकडे येते. हायमेममधील पान हाती आल्यास ही वाट नकार देते. जागा पाऊण जीबीच्या आत ठेवल्याचा येथे फायदा झाला.

तपासणी पुन्हा फेरीच्या वेळेत बसली.

९ जानेवारी २०२५

यंत्र शिरोलीला नेऊन पहिली चाचणी. ऊस गाळपाचा हंगाम असल्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेमागून जावे लागले आणि सकाळचा निम्मा वेळ रस्त्यावरच गेला. यंत्र बसवून ड्रम फिरवले तर चित्रात मधूनमधून गडद आडवे तुकडे दिसू लागले आणि प्रोग्रामने चांगले ड्रम नाकारले. शॉपच्या सुपरवायझरांनी पडद्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “साहेब, असलं सरळ मापात कापल्यागत क्रॅक आमच्या कास्टिंगला पडत न्हाई. ब्लो होल म्हणा, वाळू म्हणा, पर ह्ये काय कास्टिंगचं न्हवं.”

त्यांचे बरोबर होते. तुकडे मोजले तर प्रत्येकाची लांबी ३२ पिक्सेल किंवा ३२च्या पटीत, आणि सुरुवात नेहमी ३२ने भाग जाणाऱ्या पिक्सेलवर. कॉर्टेक्स-ए९च्या कॅशेची एक ओळ ३२ बाइटची असते. म्हणजे तेवढ्या तुकड्यांत आधीच्या ड्रमचे चित्र कॅशेमध्ये शिल्लक राहिले होते आणि प्रोग्राम तेच वाचत होता.

ड्रायव्हर डीएमए सुरू होण्यापूर्वी कॅशे स्वच्छ करत होता, संपल्यावर करत नव्हता. वरवर पाहता एकदा पुरेसे वाटते, कारण डीएमए चालू असताना त्या बफरला प्रोग्राम हात लावत नाही. परंतु प्रोसेसर पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून स्वतःहून मेमरी आधीच वाचून ठेवतो, आणि शेजारच्या बफरची तपासणी चालू असताना तो हद्द ओलांडून भरत असलेल्या बफरमधील ओळीही उचलतो. त्या ओळी डीएमएने नंतर लिहिलेल्या डेटापेक्षा जुन्या ठरतात. वर्कशॉपमध्ये आम्ही एका वेळी एकच बफर वापरून चाचणी घेत होतो, त्यामुळे तेथे हे कधी दिसले नाही.

संध्याकाळी परत येऊन दुरुस्ती केली: सुरू करण्यापूर्वी ‘सिंक-फॉर-डिव्हाइस’, संपल्यावर ‘सिंक-फॉर-सीपीयू’. ६४ एमबीमध्ये कॅशेच्या २०,९७,१५२ ओळी येतात आणि त्या एकेक करून रद्द करायला लक्षात येईल इतका वेळ लागतो. चित्राचे चार भाग आधीच केलेले असल्यामुळे प्रत्येक १६ एमबीचा भाग पूर्ण झाला की त्याचे कॅशे पुढचा भाग भरत असताना रद्द करता येते. एका बाइटच्या अडचणीमुळे केलेली विभागणी येथे उपयोगी पडली.

१७ जानेवारी २०२५

शिरोलीत दोन पाळ्यांत यंत्र चालवले. गडद तुकडे पुन्हा दिसले नाहीत. पाळीच्या मध्ये वीज गेली आणि आली, यंत्र आपोआप उभे राहिले आणि तिन्ही बफर नेहमीच्याच पत्त्यांवर मिळाले. फौंड्रीची बारीक काळी धूळ कॅमेऱ्याच्या काचेवर बसते हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी हवेच्या नळीची सोय करावी लागेल.

खर्चाचा हिशेब: सुट्या वस्तूंवर फार पैसे गेले नाहीत. सिरियल जोडणीची यूएसबी केबल साडेतीनशे रुपयांना घेतली; बूट लॉगचे सुरुवातीचे संदेश तिच्याशिवाय दिसत नाहीत, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी घ्यावी. सतत अर्धवट बंद करण्यामुळे एक एसडी कार्ड निकामी झाले, तेथे आणखी साडेपाचशे. खरा खर्च वेळेचा आहे, आणि त्यातला मोठा भाग ‘नो-मॅप’ पूल उभा करण्यात गेला, जो शेवटी वापरलाच नाही.

२२ जानेवारी २०२५

यंत्र सुरू होताना चालणारी एक छोटी स्क्रिप्ट जोडली. ती बूट लॉगमध्ये राखीव जागेची ओळ शोधते, ड्रायव्हरने छापलेले तिन्ही पत्ते ५१२ ते ७०४ एमबीच्या आत आहेत का ते पाहते, ‘मेमइन्फो’मधील एकूण आकडा २,१२,९९२ केबीशी जुळवते, आणि शेवटी एफपीजीएतून चढता आकडा सोडून प्रत्येक बफर पडताळते. यांपैकी काहीही चुकले तर टेबल फिरत नाही आणि लाल दिवा लागतो. कोणी बूट स्क्रिप्टमध्ये ‘सीएमए=’ परत घातले तर एकूण आकडा जुळणार नाही.

कर्नेल ५.१५ वरून पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर जाण्याचे काम मार्चनंतर घेऊ. तेव्हा ४ एमबीच्या पटीची अट आणि ‘डीएमए-अलॉक-नॉनकोहेरंट’ची वाट या दोन गोष्टी आधी तपासायच्या आहेत. तोवर शॉपमध्ये एक जादा बोर्ड याच कार्डाची प्रत घालून कपाटात ठेवला आहे, आणि तो कसा बदलायचा हे सुपरवायझरांना दाखवले आहे.